आपल्या वॉर्डात सच्चर समिती येणार नाही
(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. वकील नाही, पूर्णवेळ कार्यकर्ताही नाही. नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारी आमच्या मोहल्ल्यातल्या काही मुलामुलींबरोबर मी सरकारी कागद मागवण्याचे काम करतो. त्याच अनुभवावर आज बोलणार आहे.

सुरुवात २००५ या वर्षापासून करतो. त्या वर्षी आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या दोन गोष्टी घडल्या. मार्चमध्ये न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १२ ऑक्टोबरला माहितीचा अधिकार कायदा पूर्णपणे लागू झाला. सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. आपल्या प्रत्येक सभेत, प्रत्येक भाषणात तो निघतो. महाराष्ट्रापुरता महमूदुर रहमान अभ्यासगटाचा अहवाल २०१३ साली आला, त्याचेही नाव आपण घेतो. पण त्याच वर्षी मिळालेला दुसरा हक्क आपल्यातले किती जण वापरतात? इथे बसलेल्यांपैकी आयुष्यात एकदा तरी माहिती अधिकाराचा अर्ज ज्यांनी केला आहे त्यांनी हात वर करा. (हात मोजून) सात. सुमारे दीडशे जणांत सात.

सच्चर समितीने काय केले? 'मुसलमान मागे आहेत' हे सगळेच म्हणत होते, काही जण 'मुसलमानांचे लाड होतात' असेही म्हणत होते. समितीने शाळा, बँका, सरकारी नोकऱ्या यांचे आकडे मागवले आणि समोर ठेवले. तेव्हापासून वाद घालणाऱ्यालाही आकड्यांशी वाद घालावा लागतो. पण ती समिती देशाचे चित्र काढायला आली होती. तुमच्या गल्लीतल्या गटारीचे काम कागदावर किती मीटर झाले, उर्दू शाळेत किती शिक्षक मंजूर आहेत, दवाखान्यात डॉक्टरचे पद किती दिवस रिकामे आहे, हे मोजायला कोणतीही समिती येणार नाही. ते आपल्यालाच मोजावे लागेल, आणि त्यासाठी लागणारी माहिती आधीच कुणीतरी लिहून ठेवलेली आहे. ती नगरपरिषदेच्या, महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या कपाटात आहे.

एक उदाहरण सांगतो. आमच्या गावात नगरपरिषदेची उर्दू प्राथमिक शाळा आहे, पहिली ते पाचवी. पटावर १३२ मुले. पाच वर्ग आणि शिकवायला तीन शिक्षक. दोन वर्ग एकत्र बसवायचे, नाहीतर एका वर्गाला 'शुद्धलेखन लिहा' सांगून दुसऱ्या वर्गावर जायचे. मोहल्ल्यात यावर एकच वाक्य ठरलेले होते : "उर्दू शाळा आहे ना, मग आपल्याला कोण शिक्षक देणार!" हे वाक्य चहाच्या टपरीवर, लग्नात, जनाज्याहून परतताना, सगळीकडे ऐकू यायचे. मोर्चा निघाला, निवेदन दिले गेले, फोटो छापून आला. निवेदनावर उत्तर आले : "योग्य ती कार्यवाही करण्यात येईल."

मग आमच्यातल्या एका बी. कॉम. शिकणाऱ्या मुलीने अर्ज लिहिला. अर्जात तक्रारीचा एक शब्द नव्हता. तिने मागितले एवढेच : नगरपरिषदेच्या सर्व माध्यमांच्या प्राथमिक शाळांची चालू वर्षाची पटसंख्या, प्रत्येक शाळेची संचमान्यता, मंजूर पदे, भरलेली पदे, आणि शिक्षकांना अन्यत्र काम करण्यासाठी दिलेल्या प्रतिनियुक्तीच्या आदेशांच्या प्रती. संचमान्यता म्हणजे पटसंख्येनुसार त्या शाळेला किती शिक्षक मंजूर आहेत याचा अधिकृत तक्ता. शाळेतल्या कोणत्याही गुरुजींना विचारा, त्यांना तो शब्द पाठ असतो. आपल्याला मात्र माहीत नसतो.

तीस दिवस गेले, उत्तर नाही. चौतिसाव्या दिवशी तिने पहिले अपील केले. सुनावणीला बोलावणे आले. अपिलीय अधिकाऱ्यांनी विचारले, "बेटा, ही माहिती तुला कशाला हवी आहे?" ती म्हणाली, "सर, कलम ६(२) प्रमाणे कारण सांगण्याची गरज नाही, पण तुम्ही विचारता म्हणून सांगते, माझा धाकटा भाऊ तिसरीत आहे." त्यांनी पंधरा दिवसांत माहिती देण्याचा आदेश दिला. मुदत उलटून गेल्यामुळे कलम ७(६) प्रमाणे सगळी पाने मोफत मिळाली.

कागदांत काय निघाले? आमच्या शाळेला पाच पदे मंजूर होती. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे १२१ ते २०० मुलांना पाच शिक्षक हवेतच. भरलेली पदे चार. म्हणजे एक पद रिकामे. मग चौथे शिक्षक कुठे होते? ते कार्यालयात होते. प्रतिनियुक्तीवर, कारकुनी कामाला, दीड वर्षापासून. पगार आमच्या शाळेच्या नावावर आणि माणूस दुसऱ्या मजल्यावरच्या टेबलावर.

दुसरी गोष्टही निघाली. अर्ज सर्व माध्यमांच्या शाळांबद्दल होता, म्हणून दोन मराठी शाळांमधले शिक्षकही असेच कार्यालयात बसवलेले दिसले. म्हणजे 'फक्त आपल्यालाच' हे अर्धे खरे नव्हते. आणि अर्धे खरे होते : रिकामे पद मात्र उर्दू शाळेतच सगळ्यात जास्त काळ रिकामे होते, तेही त्याच तक्त्यात लिहिलेले होते.

याने काय बदलले, ते नीट पाहा. आधी आमची मागणी होती 'शिक्षक द्या'. त्यावर 'वरून भरती झाली की देऊ' हे उत्तर तयार असते. आता मागणी झाली 'प्रतिनियुक्ती रद्द करा'. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ सांगते की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला शिक्षणाबाहेरच्या कामाला लावता येत नाही. या मागणीला नवा पैसा लागत नव्हता, नवी भरती लागत नव्हती, एक सही लागत होती. आणि निवेदनावर या वेळी मराठी शाळांच्या पालकांच्याही सह्या होत्या. दोन महिन्यांत तिन्ही शिक्षक आपापल्या शाळेत परतले. रिकामे पद अजून रिकामेच आहे, त्याचा पाठपुरावा चालू आहे. सगळे काही सुटले असे मी सांगणार नाही. पण आज त्या शाळेत चार शिक्षक आहेत.

यातून मला तुम्हाला जे सांगायचे आहे ते असे : भेदभाव होतो असे तुम्हाला वाटत असेल, तर फक्त स्वतःच्या मोहल्ल्याचा कागद मागू नका. तुलनेचा कागद मागा. एका वॉर्डाचा खर्च मागितला तर आकडा मिळतो, सगळ्या वॉर्डांचा मागितला तर पुरावा मिळतो. त्या पुराव्यातून कधी आपला संशय खरा ठरेल, कधी खोटा ठरेल. दोन्ही वेळा आपला फायदाच आहे. खरा ठरला तर बोलायला आधार मिळतो. खोटा ठरला तर शेजारच्या वॉर्डातला माणूस आपला सोबती होतो.

आता काम कसे करायचे ते सांगतो. वह्या असतील तर लिहून घ्या.

पहिले म्हणजे अर्ज. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे 'जोडपत्र अ' हा नमुना आहे. साध्या कागदावर तोच मजकूर लिहिला तरी चालतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला शुल्क नाही, कार्डाची प्रत जोडायची. २०१२ च्या दुरुस्तीनंतर राज्यात एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द अशी मर्यादा आहे. त्यामुळे शाळा, गटार आणि रेशन दुकान एकाच अर्जात कोंबू नका. अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. आपल्याकडे ती मराठी. ज्याला लिहिता येत नाही त्याची तोंडी विनंती लिहून घेण्यासाठी मदत करणे हे जन माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. तुमच्यापैकी बरेच जण उर्दू माध्यमातून आले आहेत आणि कार्यालयीन मराठीला बिचकतात. बिचकू नका. 'अंदाजपत्रक', 'कार्यादेश', 'देयक' हे शब्द कुणालाच आईच्या पोटातून येत नाहीत. पाच अर्ज लिहिलेत की ते तुमचे होतात.

दुसरे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे : 'का' विचारू नका, कागद मागा. या कायद्यात माहिती म्हणजे कार्यालयाकडे असलेला अभिलेख. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात सांगितले आहे की जी माहिती अस्तित्वात आहे तीच द्यायची असते, अधिकाऱ्याने मत देण्याची किंवा नवे निष्कर्ष काढण्याची सक्ती नाही. म्हणून 'आमचा रस्ता दोन महिन्यांत का उखडला आणि जबाबदार कोण?' असा अर्ज केला तर 'प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही' असे एका ओळीचे उत्तर येते. आणि ते नियमाला धरून असते. त्याऐवजी मागा : अमुक कालावधीतील अमुक रस्त्याच्या कामाचे अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी, अंतिम देयक, आणि करारातील दोष दायित्व कालावधीची अट. मोजमाप पुस्तिकेत किती लांबी, किती रुंदी, किती जाडी याची नोंद असते. तीस फुटांची टेप घेऊन रस्त्यावर गेलात की पुढचा प्रश्न आपोआप सापडतो. आणि दोष दायित्व कालावधी संपलेला नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते. मग नव्या निविदेची वाट पाहायची गरज नसते.

आमच्या धंद्यात ग्राहक फोन करून सांगतो, "ॲप चालत नाही." त्यावर आम्ही काहीच करू शकत नाही. कोणत्या पानावर, कोणते बटण दाबल्यावर, कोणता संदेश आला, हे सांगितले की चूक अर्ध्या तासात सापडते. नगरपरिषदेचेही तसेच आहे. 'पालिका काही करत नाही' यावर कुणालाच काही करता येत नाही.

तिसरे, मुदती पाठ करा. उत्तराला तीस दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला असेल तर त्यांनी पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो, तुम्हाला हाकलायचे नसते. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर तीस दिवसांत पहिले अपील, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे. आपल्या राज्यात त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प लागतो. त्यावर तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय व्हायला हवा. त्यानंतर नव्वद दिवसांत दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या आपल्या विभागाच्या खंडपीठाकडे. माहिती विनाकारण अडवणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो. पण आयोगात प्रकरणे खूप साचलेली असतात, तिथे लवकर नंबर लागत नाही. म्हणून आपला जोर पहिल्या अपिलावर असावा. बहुतेक लोक पहिल्या पत्रानंतरच गप्प बसतात. जो अपील करतो त्याच्याकडे कार्यालय वेगळ्या नजरेने पाहते.

चौथे, अर्जाआधी दोन दारे ठोठावून पाहा. कायद्याच्या कलम ४ प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने सतरा बाबींची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे : अधिकारी कोण, त्यांची कर्तव्ये काय, अंदाजपत्रक किती, योजनांचे लाभार्थी कोण. ती आधी संकेतस्थळावर शोधा. दुसरे दार म्हणजे अभिलेखाची पाहणी. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य शासनाने निर्णय काढला की जिल्हा पातळीवरील कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत. आपल्या कार्यालयात त्याची काय व्यवस्था आहे ते विचारा आणि निर्णयाची प्रत खिशात ठेवा. प्रत मागण्याआधी फाईल पाहिली तर नेमके कोणते पान हवे ते कळते. तीनशे पानांऐवजी सहा पानांचे पैसे भरावे लागतात. प्रती दोन रुपये पान मिळतात, पण दोनशे पाने म्हणजे चारशे रुपये. मोहल्ल्यातल्या पोराला ते परवडत नाहीत.

पाचवे, नावे नको, पदे मागा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मध्ये बदल केला. पूर्वी तिथे सार्वजनिक कामकाजाशी संबंध आणि जनहित या कसोट्या होत्या, आता थेट 'वैयक्तिक माहिती' एवढेच उरले आहे. अनेक कार्यकर्त्यांनी याला विरोध केला आहे आणि मलाही हा बदल चुकीचा वाटतो. कलम ८(२) मधली जनहिताची तरतूद अजून आहे, तिच्यावर अपिलात बोट ठेवता येते. पण पहिल्या अर्जातच नाकारायला निमित्त का द्यायचे? आमच्या शाळेच्या अर्जात एकाही शिक्षकाचे नाव मागितले नव्हते. आमचा प्रश्न व्यवस्थेबद्दल होता, त्या गुरुजींबद्दल नव्हता. त्यांना टेबलावर बसवले होते, ते स्वतःहून गेले नव्हते.

आता भीतीबद्दल बोलतो. आपल्यात ती आहे, आणि घरातूनच सुरू होते. अर्ज टाकायला निघालात की अम्मी म्हणते, "बेटा, आपलं नाव कशाला पुढे करतोस? दिवस कसे आहेत बघतोस ना?" ती वेडी नाही. माहिती मागणाऱ्यांवर हल्ले झाले आहेत. जानेवारी २०१० मध्ये तळेगाव दाभाडे इथे सतीश शेट्टी यांचा खून झाला, ते जमीन व्यवहारांची माहिती बाहेर काढत होते. म्हणून धाडसाची भाषणे करू नका, पद्धत ठेवा. एकट्याने अर्ज करू नका. तीन-चार जणांनी त्याच विषयावर वेगवेगळे अर्ज करा, म्हणजे कुणा एकाकडे बोट जात नाही. त्यात शेजारच्या आळीतले मराठी, बौद्ध, धनगर, जो कुणी सोबत येईल तो असू द्या. सुनावणीला दोघे जा. पोच घ्या, पोस्टाने पाठवलात तर स्पीड पोस्टने पाठवा. मिळालेल्या कागदांच्या प्रती दोन घरांत ठेवा. आणि सुरुवात शाळा, पाणी, दवाखाना यांपासून करा. जमीन आणि मोठे ठेके यांना हात घालायचा असेल तेव्हा अनुभवी संघटनेला बरोबर घ्या.

या कायद्याची बदनामी करणारेही आहेत. अर्ज टाकायचा, कागद मिळवायचे आणि ठेकेदाराकडून पाकीट घेऊन गप्प बसायचे, असे करणारे प्रत्येक गावात सापडतात. आपल्या गटाचा नियम साधा आहे : मिळालेला प्रत्येक कागद गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर उघडायचा. जो कागद एकाच्याच खिशात राहतो तो विकला जाऊ शकतो. आणि कुणाचा पत्ता, आजार, जातीचा दाखला असे काही त्यात असेल तर ते झाकल्याशिवाय व्हॉट्सॲपवर टाकायचे नाही. लोकांची माहिती आपल्या हाती आली तर तीही अमानत असते.

शेवटचा मुद्दा थोडा कडू लागेल. जो प्रश्न आपण नगरपरिषदेला विचारतो, तो आपण आपल्याच संस्थांना विचारतो का? राज्य वक्फ मंडळ कायद्याने बनलेले आहे, त्याला माहितीचा अधिकार लागू आहे. मुतवल्लींनी दरवर्षी मंडळाला हिशेब सादर करायचे असतात. तुमच्या गावातल्या वक्फच्या दुकानांचे भाडे किती, ते कोण भरते, शेवटचा हिशेब कोणत्या वर्षी गेला, हे विचारता येते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेखाली नोंदलेल्या ट्रस्टचे लेखे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात असतात. सरकारने वक्फमध्ये ढवळाढवळ करू नये असे म्हणणाऱ्या आपण आधी स्वतः हिशेब मागितला असता, तर आपला शब्द आज अधिक वजनदार असता. सरकारी शाळेला एक नियम आणि आपल्या अंजुमनला दुसरा, असे चालणार नाही.

हा कायदा दिल्लीत कुणाच्या मेहेरबानीने आलेला नाही. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेच्या माणसांनी, रोजंदारीवर राबणाऱ्या बायाबापड्यांनी, हजेरीपट दाखवा म्हणून जनसुनावण्या घेतल्या. १९९६ साली ब्यावरला चाळीस दिवस धरणे धरले. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही त्यांची घोषणा. महाराष्ट्रातही अण्णा हजारेंच्या आंदोलनामागून २००२ चा राज्याचा कायदा आला, केंद्राच्या आधी. त्या मजुरांपैकी कितीतरी जणांना लिहिता-वाचता येत नव्हते. तुमच्या हातात पदव्या आहेत, मोबाईल आहेत, अर्ज ऑनलाइन करायची सोय आहे.

म्हणून एकच काम देतो. इथून जाण्याआधी आपल्या तालुक्याप्रमाणे तीन-तीन, चार-चार जणांचे गट करा. प्रत्येक गटात निदान एक मुलगी असावी आणि तिने नुसती नावाला नसावी, अर्ज तिने लिहावा. महिनाभरात एक शाळा निवडा, जवळची, कोणत्याही माध्यमाची. तिची संचमान्यता, भरलेली पदे आणि प्रतिनियुक्तीचे आदेश मागा, आणि शेजारच्या चार शाळांचेही मागा. तारीख वहीत लिहा. एकतिसाव्या दिवशी उत्तर आलेले नसेल तर बत्तिसाव्या दिवशी अपील करा. पुढच्या शिबिरात प्रत्येक गटाने मिळालेले कागद घेऊन यायचे आहेत. जेवणानंतर मी मागच्या खोलीत कोरे अर्ज आणि स्टॅम्प घेऊन बसतो आहे. ज्यांना आजच पहिला अर्ज लिहायचा आहे त्यांनी तिकडे या.